बिननावाच्या एकेचाळीस बाटल्या

उल्हास नदीचं पाणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन दिवस मुक्कामाला होतं. तिसऱ्या दिवशी ते आलं तसं निघून गेलं आणि जाताना नूतन भोपीची दहा वर्षांची अब्रू सोबत घेऊन गेलं. निदान नूतनला तरी तसंच वाटलं.

कॉलेज कुळगावात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. पाणी चढलं की तळमजला भिजणार हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त कॉलेज बांधणाऱ्यांना. त्यांनी प्रयोगशाळा नेमकी तळमजल्यावर काढली. तिथे नूतन परिचर होती. म्हणजे टेस्ट ट्यूब धुवायच्या, बर्नर पुसायचे, मुलांनी फोडलेल्या काचा गोळा करायच्या आणि कपाटातल्या बाटल्या सांभाळायच्या. लग्न मोडून ती खरवईला बापाकडे परतली, त्याच्या पुढच्याच वर्षी ही नोकरी मिळाली होती. करार दरवर्षी नवा. पगार सांगण्यासारखा नव्हता, पण गावात तिच्याकडे बोट दाखवून ‘ही कॉलेजात कामाला असते’ असं लोक म्हणत, आणि ‘नांदत नाही ती’ असं म्हणणं त्यांनी त्यानंतर सोडून दिलं होतं. तिच्या दृष्टीने खरा पगार तोच होता.

आता झालं होतं असं. मे महिन्यात प्राचार्य म्हणाले, जूनमध्ये कुणीतरी पाहणीला येणार आहे, प्रयोगशाळा जरा नीट दिसू दे. नूतनला ‘नीट’ हा शब्द कुणी सांगायचाच अवकाश. कपाटात साठ बाटल्या होत्या आणि त्यांची लेबलं पंधरा वर्षांपूर्वीची, तपकिरी पडलेली, झुरळांनी कडेने खाल्लेली. तिने साठच्या साठ बाटल्यांची लेबलं गरम पाण्याच्या फडक्याने भिजवली, खरवडून काढली आणि छापल्यासारख्या अक्षरात नवी लिहिली. गोंद संपला होता. गोंदासाठी अर्ज केला तर तो दिवाळीपर्यंत मंजूर झाला नसता, हे तिला अनुभवाने माहीत होतं. मग तिने घरी मैद्याची खळ शिजवली, झुरळं लागू नयेत म्हणून आत चिमूटभर मोरचूद टाकलं आणि त्या खळीने सगळी लेबलं डकवली. लहानपणापासून आकाशकंदील ती अशाच खळीने करायची. कंदिलाला पुरात बुडायची वेळ येत नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

पाणी ओसरल्यावर तिने दार उघडलं तर साठ लेबलं मोरीच्या जाळीवर एका जागी गोळा झालेली. शाई गेलेली, कागदाचा लगदा. बाटल्या मात्र कपाटात शहाण्यासारख्या उभ्या, पुसल्यासारख्या कोऱ्या. एकोणीस बाटल्यांत पाणी शिरलं होतं, त्या बाद. उरलेल्या एकेचाळीस बुचं घट्ट असल्यामुळे आतून कोरड्या होत्या. आत काय आहे ते त्या बाटल्यांनाच ठाऊक. मालाची नोंदवही खालच्या खणात होती. तिचा भिजून पाव झाला होता.

प्राचार्यांनी पायजम्याचे पाय दुमडून दारातूनच पाहणी केली. माणूस वाईट नव्हता, फक्त कुठल्याही भानगडीचा त्यांना लगेच कंटाळा यायचा.

“फेकून द्या सगळं,” ते म्हणाले. “बिननावाचं केमिकल मुलांच्या हातात देऊ? यंदा प्रॅक्टिकल दुसऱ्या कॉलेजात करू. तीन आठवड्यांनी शनिवारी संस्थेची मीटिंग आहे, तिथे विज्ञानाचं बघणाऱ्या विष्णुपंतांच्या कानावर घालतो.” मग नूतनकडे बघून आवाज उतरवून म्हणाले, “प्रयोगशाळाच नाही म्हटल्यावर नूतन, सप्टेंबरपासून तुझा करार… बघू. माझ्या हातात काही नाही गं.”

ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू बोलले, म्हणजे ठरलंच होतं.

श्रद्धा मॅडम मागेच उभ्या होत्या. रसायनशास्त्र शिकवायला दोन वर्षांपूर्वी आलेली ही मुलगी विठ्ठलवाडीहून यायची, तासावर पैसे घ्यायची आणि दुपारी उल्हासनगरला क्लासमध्ये शिकवायला पळायची. वयाने नूतनपेक्षा आठ वर्षांनी लहान, पण प्राचार्यांना घाबरायचं असतं हे तिला अजून कुणी शिकवलं नव्हतं.

“फेकणार कुठे सर? नदीत?” ती म्हणाली. “आणि नवा माल कधी येणार, पुढच्या वर्षी? तीन आठवडे द्या. एकेक बाटली तपासून नाव लावू.”

“तुम्हाला वेळ आहे?”

“मला नाही. नूतनताईंना आहे.”

नूतनने दचकून मॅडमकडे पाहिलं. प्राचार्य हसले, खांदे उडवले आणि चिखल चुकवत निघून गेले. त्यांची पाठ वळताच नूतन स्टुलावर मट्कन बसली.

“मॅडम, काय बोलून बसलात? मला कुठे येतं? मी बारावीला केमिस्ट्रीतच गचकली. चार मार्कांनी.” मग एवढं बोललीच आहे तर पुढचंही बोलून टाकू, म्हणून तिने खळीचा सगळा पराक्रम सांगितला. “सर समजतात पुराने झालं. पुराने नाही, माझ्यामुळे झालं. जुनी लेबलं कंपनीच्या गोंदाची होती, ती टिकली असती.”

श्रद्धाने स्टूल ओढून तिच्यासमोर बसकण मारली. “सरांना कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा,” ती म्हणाली. “पण आधी काम. चार मार्क कशात गेले होते?”

“सगळ्यातच. तो तक्ता.” नूतनने भिंतीकडे हनुवटी केली. भिंतीवर आवर्तसारणीचा मोठा तक्ता होता आणि पुराने त्याच्या खालच्या दोन ओळी सफाईने कुरतडून नेल्या होत्या. “रोज दहा-दहा नावं पाठ करायची. कोण कशात विरघळतो, कोणाचा रंग काय. सकाळी पाठ, संध्याकाळी सपाट. शंभराच्या वर माणसं, एकाचं एकाशी नातं नाही, कोण लक्षात ठेवणार?”

“अहो, नातं नाही कसं?” श्रद्धा उठून तक्त्यापाशी गेली. तिने बोट आडवं न फिरवता वरून खाली ओढलं. “हे उभं घराणं आहे. लिथियम, सोडियम, पोटॅशियम. तिघांच्याही बाहेरच्या घेरात एकच इलेक्ट्रॉन, म्हणून स्वभाव एक. पण खाली जावं तसं घर मोठं होत जातं. बाहेरचा तो एकटा मधल्या केंद्रकापासून लांब पडतो, त्याच्यावरचा धाक कमी होतो, आणि तो पटकन निसटतो. म्हणून लिथियम पाण्यात टाकला तर नुसता कुरकुरतो, सोडियम धावतो, पोटॅशियम पेट घेतो.”

“ओसरीवर निजणारा पोरगाच पळून जातो, तसं,” नूतन म्हणाली.

“अगदी तसं. आता प्रत्येकाचं वेगळं पाठ करायचं नाही. घराणं ओळखायचं आणि खाली जाताना काय वाढतं, काय घटतं, ती दिशा लक्षात ठेवायची. बस्स.”

एवढं साधं होतं? नूतनला आधी खरं वाटेना, मग राग आला. सोळा वर्षांपूर्वी कुणी हे असं वरून खाली बोट ओढून दाखवलं असतं तर? तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि पहिली बाटली उचलली.

रंगीत बाटल्यांचं काही अवघड नव्हतं. मोरचूद निळं, हिराकस हिरवट, पोटॅशियम परमँगनेट जांभळं. अशा चौदा तिने दहा वर्षांच्या ओळखीवर बाजूला काढल्या आणि मॅडमच्या सांगण्यावरून तरीही तपासल्या. खरी पंचाईत उरलेल्या सत्तावीस बाटल्यांची होती. सत्तावीसही पांढऱ्या. कोणी मिठासारखी, कोणी पिठीसाखरेसारखी, कोणी रव्यासारखी, पण पांढरी ती पांढरी.

घरी बापाला तिने हे सांगितलं. मधुबाबाची उमर खाडीकडच्या मिठागरात गेली होती, पांढऱ्या गोष्टींचा त्याला धाक नव्हता.

“मना आन, मी चाखून सांगतो,” तो म्हणाला.

“बाबा, चाखशील तर वर जाशील.”

“मंग नको.” त्याने तंबाखू मळली. “पन ऐक. मीठ काढल्यावर तलाला जो कडू पानी उरतो ना, तो सोडून द्यायचा. तो मिठात राह्यला का मिठाला घाम सुटतो, गोनी भिजते. कुनाला घाम सुटतो तो बग पयला.”

दुसऱ्या दिवशी नूतनने सत्तावीस कागदांवर सत्तावीस चिमट्या मांडल्या आणि नुसती बघत बसली. ऑगस्टची दमट हवा होती. तासाभरात दोन चिमट्या ओल्या झाल्या, दुपारपर्यंत त्यांचं पाणी झालं. “मॅग्नेशियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइड असणार, दोघं एकाच घराण्यातले,” श्रद्धा म्हणाली आणि पुढच्या तपासणीत ते तसंच निघालं. मधुबाबाला संध्याकाळी ही बातमी कळली तेव्हा त्याने शेजारच्या तीन घरांत जाऊन सांगितलं.

चांदीच्या द्रावणाने तिला सगळ्यात जास्त आनंद दिला. सिल्व्हर नायट्रेटची काळी बाटली आणि ॲसिडं कपाटाबाहेर, वरच्या फळीवर होती; त्यांच्यावर कंपनीची छापील लेबलं जशीच्या तशी होती, कारण त्यांना हात लावायची नूतनची छाती झाली नव्हती. क्लोराइडच्या पाण्यात दोन थेंब टाकले की दुधासारखा पांढरा साका. ब्रोमाइडमध्ये सायीच्या रंगाचा. आयोडाइडमध्ये पिवळा. वर अमोनिया घातला की पहिला साका विरघळून जाई, दुसरा कुरकुर करत थोडासा विरघळे, तिसरा हटून बसे. वरून खाली रंग चढत जातो आणि हट्टही. हे प्रयोग तिने दहा वर्षं मुलांच्या खांद्यावरून पाहिले होते. दिशा आज पहिल्यांदा दिसली. ती एकटीच प्रयोगशाळेत मोठ्याने हसली आणि पॅसेजमधून जाणाऱ्या शिपायाने आत डोकावून बघितलं.

मग निळ्या काचेचं अडलं. ज्योतीत मीठ धरलं की सोडियमचा पिवळा रंग इतका दांडगा असतो की शेजारच्या पोटॅशियमचा फिका जांभळा त्यात दिसतच नाही. तो बघायला निळ्या काचेतून बघावं लागतं. ती काच पिवळं तेवढं अडवते. कॉलेजची काच पुरात गेली होती. श्रद्धा म्हणाली, उल्हासनगरला फ्रेमवाल्यांकडे रंगीत काच मिळेल, पण कुठलीही निळी चालणार नाही, बघून घ्या.

बघून घ्यायचं म्हणजे कसं? नूतनने कागदाच्या पुडीत मीठ घेतलं आणि रविवारी उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात धर्मेशभाईंचं दुकान गाठलं. धर्मेशभाईंनी निळ्या काचांचे पाच तुकडे काढून दिले. शेजारीच चहावाल्याचा गॅस फुरफुरत होता. नूतन तिथे गेली, चिमूटभर मीठ ज्योतीवर टाकलं आणि एक तुकडा डोळ्याला लावून बघितला. पिवळं दिसत होतं. पुन्हा मीठ, दुसरा तुकडा. पुन्हा पिवळं.

धर्मेशभाई दुकानातून बाहेर आले. “बहन, मेरी दुकान की नजर उतार रही हो क्या?”

“नाही हो भाऊ, काच चेक करतेय.”

“नमक से?”

“हां. पिवळा गायब झाला पाहिजे.”

“अच्छा करती हो तो पूरा करो,” धर्मेशभाई गंभीरपणे म्हणाले. “सामनेवाले की नजर बहुत खराब है. इधर भी थोडा डालो.”

चौथ्या तुकड्यातून पिवळी ज्योत दिसेनाशी झाली. नूतनने तो उचलला, आणि धर्मेशभाईंच्या समाधानासाठी उरलेलं मीठ दुकानासमोर ओवाळून टाकलं. भाव लगेच उतरला.

असं करता करता अडीच आठवड्यांत एकोणचाळीस बाटल्या झाल्या. प्रत्येक बाटलीचं काय काय केलं ते नूतन वहीत लिही, श्रद्धा सकाळी येऊन त्यातल्या हव्या त्या पुन्हा करून बघे. एकदाही खोट निघाली नाही. राहिल्या दोन. दोघींचीही ज्योत लाल. अशी लाल, की बघत राहावी. एक लिथियम असणार, कारण लिथियम क्लोराइड कपाटात होतं हे नूतनला पक्कं आठवत होतं. दुसरी कोण? कॅल्शियमचा विटकरी लाल तिच्या ओळखीचा होता. हा त्याहून गडद. ही बाटली मुलांना कधी द्यावी लागलेली नव्हती. मागे कोपऱ्यात असायची, लेबल बदलताना तेवढं एकदा नाव लिहिलं असेल, पण साठ नावांत तेही डोक्यातून गेलं.

श्रद्धा तापाने आडवी झाली होती. मीटिंग परवावर. नूतन तक्त्यापुढे उभी राहिली आणि तिने बोट वरून खाली ओढलं. मॅग्नेशियम, कॅल्शियम, मग एक नाव जे तिने दहा वर्षांत उच्चारलंही नव्हतं, मग बेरियम. स्ट्रॉन्शियम. मधला भाऊ.

आता हा तोच हे कसं कळायचं? या घराण्यात खाली जावं तसं सल्फेट पाण्यात विरघळायला नाखूश होत जातं, हे तिला वहीवरून कळलं होतं. मॅग्नेशियमचं सहज विरघळतं, कॅल्शियमचं जेमतेम, बेरियमचं मुळीच नाही. मग कॅल्शियम सल्फेटचंच पाणी घेतलं तर? त्यात सल्फेट अगदी थोडं. तेवढ्याने कॅल्शियमला काहीच व्हायचं नाही. बेरियमला तेवढंही पुरे, तो लगेच पांढरा होणार. आणि मधल्याने मधल्यासारखंच वागलं पाहिजे. होणार, पण उशिरा. लिथियम तर दुसऱ्याच घरचा, तो ढिम्म राहणार. तिने हे कुठे वाचलं नव्हतं. नुसत्या दिशेवरून काढलं होतं.

कॅल्शियम सल्फेटची बाटली मात्र बाद झालेल्या एकोणिसांत गेली होती. नूतन घरी आली. भाऊ कमलेश पडवीत गणपतींच्या सोंडा घासत बसला होता. त्याचा मूर्तींचा कारखाना, आणि सण दोन आठवड्यांवर.

“दादा, मूठभर प्लास्टर दे.”

“कशाला?”

“कॅल्शियम सल्फेट आहे ते.”

“गणपती आहे तो,” कमलेश म्हणाला, पण त्याने मूठभर दिलं.

तिने ते पाण्यात ढवळलं, रात्रभर बसू दिलं, वरचं निवळ पाणी फडक्यातून दोनदा गाळून बाटलीत भरलं. सकाळी चार टेस्ट ट्यूब उभ्या केल्या. बेरियम लगेच पांढरा. कॅल्शियम स्वच्छ. दोन लाल बाटल्यांतली एक स्वच्छ. दुसरीही स्वच्छ. नूतनने ट्यूब तशीच ठेवली. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, परत आली, आणि तेव्हा दुसऱ्या लाल ट्यूबमध्ये धुकं धरलं होतं. तिने श्रद्धाला फोन लावला. पलीकडून तापलेल्या आवाजात एक किंचाळी आली, ती पुस्तकात नेमकं तेच लिहिलेलं सापडल्यावरची होती.

शनिवारी विष्णुपंत आले. अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी विभाग सांभाळून निवृत्त झालेले, संस्थेत विज्ञानाचं काहीही असलं की शेवटचा शब्द त्यांचा. काळी छत्री, पांढरी मिशी, आणि समोरचा माणूस चूक करणारच याची खात्री असलेली नजर. प्राचार्य त्यांच्या अर्धं पाऊल मागून आले. श्रद्धा स्वेटर घालून, नाक लाल करून स्टुलावर बसली होती. टेबलावर एकेचाळीस बाटल्या ओळीने नव्हे, घराण्याप्रमाणे मांडल्या होत्या.

विष्णुपंतांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते वरची फळी बघत होते.

“ॲसिडच्या बाटल्यांची लेबलं आहेत,” ते म्हणाले. “पाणी तिथवरही होतं, भिंतीवर डाग दिसतो. मग तुमचीच कशी गेली?”

प्राचार्यांनी श्रद्धाकडे पाहिलं, श्रद्धाने नूतनकडे. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. नूतनला हेही कळत होतं की प्राचार्यांनी काहीतरी सारवून नेलं असतं. पण तीन आठवडे ती बाटल्यांना खरं सांगायला लावत होती, आता स्वतःच खोटं कसं बोलणार?

“मी बदलली होती, काका. मे महिन्यात. मैद्याच्या खळीने चिकटवली. जुनी पक्की होती, ती मीच खरवडली. चूक माझी आहे.”

प्राचार्यांनी डोळे मिटले. विष्णुपंतांची मिशी हलली.

“आणि ह्या कुणी तपासल्या?”

“मीच.”

“शिक्षण?”

“बारावी नापास. केमिस्ट्रीत.”

विष्णुपंतांनी छत्री टेबलाला टेकवली, बाटल्यांवरून नजर फिरवली आणि त्यातली एक उचलली. “ही.”

नूतनने तारेच्या टोकावर कण घेतला आणि ज्योतीत धरला. लाल झळाळ उठली.

“लिथियम,” विष्णुपंत म्हणाले. “हे तर कुणीही सांगेल.”

“नाही काका.”

प्राचार्य खोकले. तो खोकला ‘गप्प बस’ असा होता, हे तिला कळलं.

“लाल दोन आहेत,” नूतन म्हणाली. शब्द ओळीने येत होते. “हा कॅल्शियमचा धाकटा आणि बेरियमचा थोरला. स्ट्रॉन्शियम. दाखवते.”

तिने चार ट्यूब लावल्या, प्रत्येकीत काय आहे ते मोठ्याने सांगितलं आणि प्लास्टरचं निवळ पाणी थेंबाथेंबाने घातलं. बेरियम तत्काळ पांढरा झाला. बाकी तिन्ही काचेसारख्या.

“झालं?” विष्णुपंतांनी विचारलं.

“थांबावं लागेल.”

“किती?”

“तो मधला आहे, काका. घाईने होणार नाही.”

एक मिनिट गेलं. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. श्रद्धाने स्वेटरच्या बाह्या मुठीत धरल्या. दुसरं मिनिट गेलं. पाणी तसंच स्वच्छ. आज हवा गार आहे म्हणून उशीर होतोय, की काल आपल्यालाच भास झाला? सप्टेंबर, करार, गावातली माणसं, सगळं नूतनच्या डोळ्यांपुढून गेलं. तरी तिने ट्यूब हलवली नाही, गरम केली नाही, काही सारवासारव केली नाही. हात मागे बांधून ती उभी राहिली.

विष्णुपंतच पुढे वाकले. त्यांनी चष्मा वर केला, मग टेबलाला टेकवलेली काळी छत्री उचलून तिचं कापड ट्यूबच्या मागे धरलं. काळ्यावर दिसलं. तळाशी नव्हे, सगळ्या पाण्यात मिळून, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं पुसट धुकं. बघता बघता ते दाट झालं. लिथियमची ट्यूब शेजारी स्वच्छ उभी होती, कॅल्शियमचीही.

विष्णुपंतांनी छत्री तशीच धरून चारही ट्यूब पुन्हा एकदा पाहिल्या. मग ती ठेवून त्यांनी एक स्टूल ओढलं आणि बसले.

“मी चुकलो,” ते म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून याआधी कधी निघाले होते, ते प्राचार्यांना आठवेना. “रंगात जन्म गेला आणि रंगालाच फसलो. उशिरा होईल हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. वरचा होत नाही, खालचा लगेच होतो. मग मधल्याचं दुसरं काय होणार?”

विष्णुपंतांनी मान डोलवली. “प्राचार्य, प्रॅक्टिकल इथेच होतील. लेबलं नवी करा, गोंद मी पाठवतो. आणि प्रत्येक बाटलीवर तपासणाऱ्याचं नाव आणि सही. आमच्याकडे तो नियमच होता.”

“हो हो. श्रद्धा मॅडम करतील सही.”

“मी का करू?” श्रद्धा नाक पुसत म्हणाली. “मी फक्त पडताळल्या.”

“अहो, पण ही परिचर आहे. बारावी…”

“तुम्ही तपासल्यात?” विष्णुपंतांनी विचारलं. “नाही. मी तर चुकीचं सांगितलं. मग राहिलं कोण?”

प्राचार्यांना भानगडीचा कंटाळा होता हे सांगितलंच आहे. त्यांनी दोन्ही हात वर केले. “करू दे तिलाच. आणि नूतन, कराराचं मनातून काढून टाक. पण यापुढे खळ नको.”

नूतनला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. तिने दोन्ही आवरलं. तिला आत्ताच बोलायचं होतं, पुढे धीर झाला नसता.

“सर, अजून एक होतं.”

“आता काय केलंस?” प्राचार्य दचकले.

“काही केलं नाही. फेब्रुवारीत मला एक दिवस सुट्टी लागेल. बारावीचा फॉर्म भरतेय, केमिस्ट्रीचा पेपर आहे.”

प्राचार्यांनी बोटांवर मोजलं. “एकच दिवस? प्रॅक्टिकलचाही धर ना.”

“त्याला सुट्टी कशाला सर?” नूतन म्हणाली. “ते तर इथेच आहे.”